मागच्या भिंतीचं पाणी

राळेगावजवळच्या संघदीपच्या घराची मागची भिंत खचत चालली होती. गोविंदा मिस्त्रीनं पायाजवळची माती उचलून मुठीत दाबली.

"भाऊ, ही काळी माती, अन् इथं रोज पानी मुरून राह्यलं. ते पानी बंद करा, तं थोडक्यात भागते. नाही तं पाया खालपासून नवा घ्या लागन. अर्ध्या घराचा खर्च येईन."

"मांगं ना नळ, ना मोरी. पानी येईन कुठून?" संघदीपला काही कळेना.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो मागच्या दारात जाऊन थांबला. थोड्या वेळानं त्याची बायको सुजाता बादली घेऊन आली. गेल्या साली काही दिवसांचीच होऊन गेलेल्या लेकीला त्यांनी त्या भिंतीलगत पुरलं होतं. सुजातानं बादलीत बोटं बुडवून पाणी कढत तर नाही ना ते पाहिलं, आणि एकेक तांब्या हळूहळू त्या जागेवर ओतला. मग पदरानं ती ओली माती टिपू लागली.

"झालं हं बाई, झालं. रडू नको."

संघदीपनं हाक मारायला तोंड उघडलं, पण तसाच मागे फिरला.

मिस्त्री आला. "सापडलं काय पानी?"

"सापडलं. पाया घरातून खोदा, मांगची माती हलवू नका."



मिस्त्री घरात वळला, तसा संघदीप म्हणाला, "अन् पानी रोज पडन, हे धरूनच खर्च सांगा."