भिंतीवर काका

"या जागी मी हवा," काका म्हणाले आणि भिंतीवरच्या भावजयीच्या कपाळावर त्यांनी बोट टेकवलं.

चित्रशाळेच्या दालनातलं ते भलंमोठं भित्तिचित्र. शाळा काढणारे नवराबायको त्यात शेजारी शेजारी उभे होते. त्याच्या हातात कुंचला, तिच्या हातात थापी. दोघंही आता हयात नव्हते. शाळा त्याच्या भावाकडे, म्हणजे काकांकडे आली होती, आणि काका पहिल्या दिवसापासून संचालकासारखे चालायला लागले होते.

"शाळा माझ्या भावाने काढली. वहिनी नुसती चुना कालवायची. आठवड्याने पाहुणे येतायत, त्यांना भाऊ दिसावा आणि भावाचा वारस दिसावा. गवंडी बोलावून तेवढा गिलावा खरवडून टाका."

"खरवडू नका," बाई म्हणाल्या. "अख्खं चित्र हलेल. मी वरूनच रंगवते."

बाई शाळेतल्या सगळ्यात जुन्या शिक्षिका. या वहिनीच्याच हाताखाली शिकलेल्या.

मागे गिलाव्याचं घमेलं घेऊन उभी असलेली मुलगी सगळं ऐकत होती. ती काकांची पुतणी. आईवडील गेल्यावर मामाकडे वाढली आणि चार महिन्यांपूर्वी इथे शिकायला आली. खरं तर त्या चेहऱ्यासाठी आली. तिच्याकडे आईचा एक फोटोसुद्धा नव्हता.

काका गेल्यावर ती बाईंवर उसळली. "तुम्ही हो म्हणालात? माझ्या आईने शिकवलंय तुम्हाला!"

"तिने शिकवलंय म्हणून तर काम येतं मला. जा, डिंक भिजत घाल."

चार महिने शाळेने तिच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती, रंग लावायचा तो ओल्या चुन्यावर, म्हणजे तो भिंतीत मुरतो आणि धुतला तरी जात नाही. डिंकाचं नावही कुणी काढलं नव्हतं. तिने दात-ओठ खात तो कालवला.

"पातळ कर," बाई म्हणाल्या. "अजून पातळ."

तीन दिवस बाई शिडीवर होत्या आणि काका समोर खुर्ची टाकून बसले होते. केस जरा दाट घ्या. गाल इतके सुटलेत का माझे? मिशीला झोक द्या. बाईंनी सगळं तसंच रंगवलं. तिसऱ्या दिवशी काका भिंतीवर दहा वर्षांनी तरणे होऊन उभे राहिले. आई दिसेनाशी झाली होती. मुलीने शेपूट घालणारी माणसं पाहिली होती, पण इतक्या टापटिपीने घालणारी पहिलीच.

"मी सगळ्यांसमोर बोलणार आहे," तिने बजावलं.

"बोल की. मोठ्याने बोल. आणि सकाळी दोन बादल्या पाणी भिंतीपाशी भरून ठेव. पाहुण्यांच्या बुटांनी फरशी घाण होते."

तिने बादल्या भरल्या. शाळेतलं शेवटचं काम म्हणून भरल्या. खोलीवर तिची बॅग तयार होती.

पाहुणे जमल्यावर काकांनी चित्रावरचा पडदा ओढला. टाळ्या झाल्या. "एका माणसाने स्वप्न पाहिलं," काकांनी सुरुवात केली, "आणि दुसऱ्याने ते..."

"खोटं आहे!" ती पुढे आली. "तिथे माझी आई होती. ही शाळा तिचीही आहे. अर्धी भिंत तिने रंगवलीय!"

काका मात्र हसले. "कुठे आहे बाळा तुझी आई? मला तर मीच दिसतोय. दाखव ना सगळ्यांना."

पाहुण्यांत हशा पिकला. यांच्यासमोर रडायचं नाही, मेलं तरी नाही. ती जागची हलली नाही.

"बाई, तुम्हीच सांगा हिला," काका म्हणाले. "तुमच्याच हातचं काम आहे."

"माझ्याच हातचं," बाई म्हणाल्या. त्यांनी एक बादली उचलून मुलीच्या हातात दिली. "घे. काका दाखव म्हणतायत ना?"

मुलीने क्षणभर बाईंकडे पाहिलं, मग सगळा जोर लावून पाणी फेकलं. काकांची झोकदार मिशी हनुवटीवरून ओघळत फरशीवर उतरली, आणि तिच्यामागून आई सरळ लेकीकडे बघायला लागली.

"कान राहिलाय त्यांचा," म्हणत बाईंनी दुसरी बादली पुढे सरकवली.