धोंड्याचं वाण

धोंड्याच्या महिन्यात पुण्याचे जावई पहिल्यांदाच अकोल्याला जेवायला येणार होते, आणि कूलरची टाकी जागोजागी गळत होती. शालिकरामांनी सीलंटची मोठी ट्यूब आणली आणि दोन दिवस कूलरपुढे ठाण मांडलं. टाकीचे सांधे भरले, कोपरे भरले, मग जिथून म्हणून पाणी येताना दिसलं तिथं बोटानं दाबून लेप दिला.

"आता एक थेंब जरी गळला तं नाव बदलून टाकीन," ते बायकोला, सत्यभामाबाईंना, म्हणाले.

जावई पाटावर बसले. कूलर सुरू झाला आणि भट्टीचं दार उघडावं तसा वारा सुटला. घरात आता गळत होते ते फक्त जावई.

सत्यभामाबाईंनी कूलरची बाजू खोलून पाहिली. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडणाऱ्या नळीची सगळी भोकं शालिकरामांनी गुळगुळीत बुजवली होती. त्यांनी तेहतीस जाळीदार अनारशांचं ताट जावयांपुढे ठेवलं, आणि मग नवऱ्याकडे वळल्या.

"धोंड्यात जावयाले भोकाची वस्तू द्या लागते. तुमी तं होते नोते सारे भोकं बुजवून बसले."