कागदाबाहेरची रेघ

आमच्या अग्निशमन केंद्राचा नकाशा पसरून आर्किटेक्टबाई म्हणाल्या, "आग विझवून आलात की अंगावरची काजळी कुठेकुठे जाते, लाल पेन्सिलीनं दाखवा. तिच्यामुळे कॅन्सर होतो. नव्या इमारतीत तिची वाट अडवायचीय." आम्ही हसलो. काजळलेला कोट म्हणजे आमची शान! मीच पेन्सिल उचलली. रेघ गाडीपासून खुंटीपर्यंत गेली, तिथून जेवणाच्या टेबलापर्यंत, मग माझ्या उशीपर्यंत. हसणं हळूहळू विरलं. "पुढे?" बाईंनी विचारलं. रेघ दारातून बाहेर पडली आणि कागद संपला. पुढे माझं घर होतं. आग विझवताना हेल्मेटखाली घालायची माझी जुनी कानटोपी तीन वर्षांची लेक कुणाला धुऊ देत नाही. बाबांचा वास जाईल म्हणते. बायकोला फोन लावला. "आधी तिच्याकडून टोपी काढून घे!" "हळू बोल," ती कुजबुजली, "आत्ताच झोपलीय. टोपीचं टोक चोखत."