सागाची चौकट

"गोटीरामकाका, सागाची चौकट वाढते का हो?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून वैजयंतीने सुताराला विचारलंच. दिवाळीत घरच्या दाराच्या चौकटीवर केलेली तिच्या उंचीची खूण आता डोक्याच्या दोन बोटं वर गेली होती. आणि ती म्हणे व्हॉलीबॉलची कप्तान!

"साग वाढत नाय, आक्रसत नाय," तो रंधा न थांबवता म्हणाला. "आमच्या पाडलेल्या घराची चौकट हाय ती, तुमच्या दाराला बसवलेली. पक्की."

वाशीच्या नव्या फ्लॅटवर परतून तिने नखाने चौकटीचा रंग खरवडला. खाली जुन्या खुणा होत्या. पुतळा नावाच्या कुणा मुलीच्या, सालागणिक खाली उतरलेल्या. मग शेजारी गोजरा हे दुसरं नाव सुरू झालं, आणि पुतळाच्या खुणा पुन्हा वर चढल्या.

गोजराची शेवटची खूण गुडघ्याएवढी होती.

जेवताना धाकट्या बहिणीला, सुनीतीला, जवळ ओढून वैजयंती खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, बाबा, मी ठरवलंय. आजपासून चौकटीवर हिची उंची मोजायची."