चौसष्टची खुंटी

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मोजणीवाल्याने टेप गुंडाळली आणि सांगितलं, चौसष्ट मीटरची खुंटी चौसष्टवर नाही. एक मीटर सात सेंटिमीटर अलीकडे आहे.

तो आला होता मैदानाचा नकाशा करायला. फेकीचं जुनं वर्तुळ फोडून नवं बांधायचं होतं. बाकीच्या खुंट्याही त्याने मोजल्या होत्या. पन्नासची, पंचावन्नची, साठची. सगळ्या तेवढ्याच अलीकडे.

हातोडाफेक करणारी बाई हातमोजा काढता काढता थांबली. वय एकोणचाळीस, स्पर्धा खेळायला लागून एकवीस वर्षं. सरावात अंतर खुंटीवरूनच धरत, आणि तिचा हातोडा चौसष्टच्या हातभर पलीकडे कितीदा तरी पडला होता. स्पर्धेत मात्र त्रेसष्ट आणि काही सेंटिमीटर झाले, की गाडं अडलंच. राष्ट्रीय संघासाठी चौसष्ट लागत. तिचे प्रशिक्षक, सर, म्हणायचे, ऐन वेळी कच खातेस. बरोबरीच्या मुली तिला ‘सरावातली वाघीण’ म्हणत. नवऱ्याने तर एका मानसोपचारवाल्या बाईंकडेही नेऊन आणलं होतं. उद्या शेवटची निवड चाचणी होती.

एक गोष्ट तिला वर्षानुवर्षं खटकत आली होती. भीती म्हटली की कमी-जास्त व्हायला हवी. आपली दर वेळी नेमकी मीटरभरच कशी?

“ताई, टेपचं टोक वर्तुळाच्या मधोमध धरलं असणार,” मोजणीवाला म्हणाला. “अंतर धरायचं ते वर्तुळाच्या कडेपासून.”

खुंट्या सरांनी ठोकल्या होत्या. ते आठ वाजता सायकलवरून आले. तिने आकडा सांगितला आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. तिथे आश्चर्य उमटतं का, एवढंच तिला बघायचं होतं. उमटलं नाही.

“कधी कळलं, सर?”

सरांनी सायकल स्टँडवर लावली. “तिसऱ्या वर्षी.”

खुंट्या काढायलाच निघालो होतो, असं ते म्हणाले. पण त्या वर्षी ती स्पर्धेत हरवणारा मीटर शोधत सुटली होती. एका हंगामात चार मीटर पुढे गेली. पुढच्या वर्षी आणखी दोन. बरोबरीच्या सगळ्या तिशीत खेळ सोडून मोकळ्या झाल्या, ही काही थांबेना. मग त्यांचा हात धजला नाही.

“म्हणजे मी कधी घाबरलेच नव्हते.”

“कधीच नाही.” सर जमिनीकडे बघत होते. “आणि तो मीटरही तुझ्याकडे कधी नव्हता.”

चाचणीतून नाव मागे घ्यायची मुदत दुपारी चारपर्यंत होती. चारला यादी बंद झाली, तेव्हा तिचं नाव यादीत होतं. त्यापुढचा प्रशिक्षकाचा रकाना कोरा होता.