यादीतली तिसरी नोंद

माझ्या नवऱ्याला माझ्या मनातलं न सांगता कळतं. दुपारी दवाखान्यातून बहिणीशी फोनवर भांडले, की संध्याकाळी हा माझ्या आवडीचं आइस्क्रीम घेऊन दारात उभा. बहीण म्हणते, "नशीब काढलंस बाई!"

दवाखान्याची वेबसाइटही त्यानेच करून दिलेली. ती सारखी बंद पडायला लागली, तेव्हा त्याला वाईट वाटू नये म्हणून मी गुपचूप एका कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. माझ्या केबिनमध्ये बसून त्याने आमच्या डोमेनवर, म्हणजे वेबसाइटच्या नावाखाली, काय काय नोंदवलंय त्याची यादी काढली.

"ही वेबसाइट, हा ईमेल. आणि हे 'केबिन' कशाचं, डॉक्टर?"

"मला काय ठाऊक? उघडून बघा."

त्याने उघडलं. स्क्रीनवर दोन माणसं पाठमोरी बसली होती. त्यातल्या बाईच्या अंगात माझाच पांढरा कोट होता. मी हात वर केला. तिनेही केला.

मी गर्रकन मागे वळले. भिंतीवर फक्त घड्याळ होतं, नवऱ्याने वाढदिवसाला दिलेलं.

तेवढ्यात फोन वाजला. नवराच होता.

"अगं, बाहेरचा माणूस कशाला बोलावलास? मला सांगायचंस ना."