ओढलं की लागणारं दार

कामावरून दमून आलेल्या थोरल्या सुनेला खालच्या जिन्यातच वरचे आवाज ऐकू आले आणि तिने कपाळाला हात लावला. परवा सासरे बाहेर अडकले, काल धाकटा दीर, आज तिघेही. बंगला, कारखाना, गाड्या, सगळं लिलावात गेलं, दोन खोल्यांचं भाड्याचं घर तेवढं नशिबी आलं. पण घराबाहेर पडताना किल्ली घ्यायची असते हे या बापलेकांच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. जन्मभर दार उघडायला वॉचमन होता. इथलं दार नुसतं ओढलं की कुलूप लागायचं.

"दार तुम्ही ओढलंत, बाबा," तिचा नवरा म्हणत होता.

"मला वाटलं, किल्ली धाकट्याकडे आहे."

"मला वाटलं, दादाकडे आहे," दीर म्हणाला.

"मग विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर बोलला असतास?"

"आता बोलतोय ना? मग?"

तिघांनाही चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून तिने पर्समधून आपली किल्ली काढली, दोन पायऱ्या चढली आणि थबकली. नऊ वर्षं हे तिघे वकिलांमार्फत बोलले होते, आणि या घरात आल्यापासून तिच्यामार्फत. "त्याला म्हणावं, पंखा बंद कर" इथपर्यंत.

ती तिथेच पायरीवर टेकली आणि वाजू नये म्हणून किल्ली रुमालात गुंडाळून ठेवली.